आरपार दिसणारी लेखणी

विट्याचे नाव देशभरच्या सराफ बाजारांत ओळखीचे झाले ते गलाई व्यवसायामुळे. खानापूर तालुक्याच्या कोरड्या माळावरून बाहेर पडलेल्या माणसांनी दूरदूरच्या प्रांतांत जाऊन भट्ट्या मांडल्या. मूस, सवागी आणि तेजाब यांच्या जोरावर मोडीचे सोने पुन्हा शुद्ध करून देण्याचे कसब त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले. अशा गावात पिवळी वस्तू हाती आली की पहिला प्रश्न तिच्या टंचाचा निघतो. त्यात वावगे काहीच नाही. मात्र या सवयीपायी एका वस्तूवर हमखास अन्याय होतो. ती वस्तू म्हणजे जुने शाईचे पेन.

दिवाळीच्या साफसफाईत जुन्या पेढीचा गल्ला किंवा आजोबांची लाकडी पेटी उघडली जाते आणि तळाशी वाळलेल्या शाईने काळवंडलेली दोन-चार पेने सापडतात. एखाद्या निबेवर बारीक अक्षरांत १४ कॅरेट किंवा ५८५ असा छाप दिसतो. मग निब उपसून मोडीत जाते आणि उरलेले पेन केराच्या टोपलीत. हिशेब करून पाहिला तर या व्यवहारात हाती काय येते? सोन्याची निब वजनाला साधारण एक ग्रॅमच्या आतबाहेर असते. हजारात ५८५ भाग सोने धरले तर एका ग्रॅमच्या निबेत शुद्ध सोने अर्ध्या ग्रॅमहून थोडे अधिक. शिवाय निबेच्या टोकावर इरिडियम-ऑस्मियमसारख्या अतिकठीण धातूंचा जो कण जोडलेला असतो, तो तेजाबाला दाद देत नाही. तो तसाच मुशीत गेला तर सोन्यात खडा होऊन बसतो आणि पुढे सोनाराच्या कानशीला लागतो. म्हणजे पेन गेले, निब गेली आणि सोन्यालाही खोट लागली.

यात सर्वांत जास्त बळी पडते ते पारदर्शक पेन. काळे किंवा संगमरवरी नक्षीचे जुने पेन निदान देखणे तरी वाटते, म्हणून कोणी ते ठेवून देतो. आरपार दिसणारी नळी मात्र स्वस्त प्लॅस्टिक समजून सर्वांत आधी टाकली जाते. वास्तविक जाणकार संग्राहक नेमकी तीच शोधत असतात.

पारदर्शक पेनाचा जन्म लिहिण्यासाठी झाला नव्हता, विक्रीसाठी झाला होता. ल्युइस वॉटरमन यांनी १८८४ मध्ये अमेरिकेत आपल्या पेनाचे पेटंट घेतले आणि त्यानंतरच्या अर्धशतकात पेनात शाई भरण्याच्या नाना युक्त्या निघाल्या. कोणी आत रबराची पिशवी बसवली, कोणी बाहेर तरफ लावली, कोणी दट्ट्या फिरवून शाई ओढून घेण्याची सोय केली. या युक्त्या दुकानदाराला पटवायच्या तर त्या त्याला दिसायला हव्यात. काळ्या नळीच्या आत काय चालले आहे ते शब्दांत सांगून भागत नव्हते. म्हणून कंपन्यांनी फिरत्या विक्रेत्यांसाठी काचेसारख्या नळीची मोजकी पेने करवून घेतली. विक्रेता दुकानाच्या फळीवर दौत ठेवी, पेन बुडवी, कळ दाबी आणि शाई वर चढताना दुकानदाराला डोळ्यांनी दिसे. व्यापारातील प्रात्यक्षिकाचे हे साधन, म्हणूनच त्याचे नाव डेमॉन्स्ट्रेटर पडले. ही पेने विकण्यासाठी नव्हतीच, त्यामुळे ती संख्येने थोडी आणि आज दुर्मीळ आहेत. पार्करच्या ‘५१’ या सुप्रसिद्ध पेनाचीही अशी पारदर्शक आवृत्ती निघाली होती.

जर्मनीच्या पेलिकन कंपनीने १९२९ मध्ये आपले पहिले शाईचे पेन बाजारात आणले, तेव्हा पारदर्शकतेला आणखी एक अर्थ आला. मागील गाठ फिरवली की दट्ट्या सरकून शाई आत येई आणि आत किती शाई शिल्लक आहे ते नळीच्या पारदर्शक पट्ट्यातून लिहिणाऱ्यालाच कळे. पुढे जपानच्या पायलटसारख्या कंपन्यांनी पूर्ण पारदर्शक पेने सर्वसामान्य ग्राहकांसाठी काढली. लॅमीने आपल्या ‘सफारी’चे ‘व्हिस्टा’ हे आरपार रूप आणले आणि २०१० च्या सुमारास तैवानच्या ट्विस्बीने दट्ट्याचे पारदर्शक पेन काही हजार रुपयांच्या आवाक्यात आणून ठेवले. विक्रेत्याच्या पेटीतील वस्तू अशी संग्राहकाच्या मेजावर आली.

इथे एक आठवण विटेकरांना विशेष रुचेल. तरफेने शाई भरण्याच्या युक्तीचे पेटंट १९०८ मध्ये घेणारे वॉल्टर शेफर हे मुळात अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या फोर्ट मॅडिसन या लहानशा गावचे सराफ. दागिन्यांच्या दुकानातून उठून ते पेनाच्या धंद्यात शिरले आणि सोन्याला निबेचे रूप देऊन मोठे झाले. त्यांचे ते शेफर हे नाव २०२२ मध्ये बंगळूरच्या विल्यम पेन या भारतीय कंपनीने विकत घेतले. सराफाच्या हातून सोने निबेत गेले, तर त्याचे मोल कितीतरी पटींनी वाढते. विट्यातील मोडीचा प्रवास मात्र नेमका उलट दिशेने होतो.

आपल्याकडे शाईच्या पेनाची कहाणी स्वदेशीशी जोडलेली आहे. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी घडवलेले पेन महात्मा गांधींपर्यंत पोहोचले आणि १६ जुलै १९३५ रोजी वर्ध्याहून गांधीजींनी त्यांना पसंतीचे पत्र पाठवले. परदेशी पेनाला पर्याय म्हणून ते त्यांना योग्य वाटले होते. शाईच्या बाबतीत हेच काम बंगालमध्ये १९३४ साली सुरू झालेल्या सुलेखाने केले. मुंबईत त्याच्याही आधी, १९३१ मध्ये, दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू गोविंद दांडेकर यांनी शाईची पूड आणि वड्या करायला घेतल्या होत्या. ‘घोडा’ छापापासून सुरू झालेला तो उद्योग पुढे ‘कॅमल’ शाई आणि कॅम्लिन या नावांनी घरोघरी गेला. मराठी माणसाच्या बालपणातील निळ्या बोटांचे श्रेय बऱ्याच अंशी या दांडेकर बंधूंकडे जाते. भाषाशुद्धीच्या त्या काळात फाउंटन पेनाला ‘झरणी’ असा गोड शब्दही मराठीत वापरला गेला, पण तो टिकला नाही. शब्दांचेही पेनासारखेच असते, वापरात राहिले नाहीत की ते सुकतात.

मुंबईच्या एअरमेल कंपनीने ‘एअरमेल’ आणि ‘वॅलिटी’ या नावांनी काढलेली ड्रॉपरने शाई भरायची पेने आजही मिळतात आणि त्यांत आरपार दिसणाऱ्या नळीची पेनेही आहेत. आत रबरी पिशवी नाही, दट्ट्या नाही. नळी उघडायची, ड्रॉपरने शाई सोडायची आणि आटे घट्ट करायचे. काही शे रुपयांच्या या पेनात शाई इतकी मावते की रोजकीर्द आणि खतावणी लिहिणाऱ्या मुनीमजींना आठवडाभर दौतीकडे बघावे लागू नये. कानपूरच्या कनराइटची दट्ट्याची पेने, तमिळनाडूच्या रंगाची हाताने कातलेली अ‍ॅक्रिलिकची पेने अशी इतर भारतीय नावेही संग्राहकांना परिचित आहेत. पहिले पारदर्शक पेन घ्यायचे तर ते स्वदेशी घ्यावे. त्यावर हात बसला की मग परदेशी पेनाचा विचार करावा. साफसफाईतील चुका स्वस्त पेनावर झालेल्या बऱ्या.

जैन घराला लेखणी ही केवळ वस्तू कधीच नव्हती. पाटी, पोथी, वही, लेखणी ही ज्ञानोपकरणे. त्यांची हेळसांड म्हणजे ज्ञानाची आशातना, हे श्वेतांबर घरांतील मुले पाक्षिक अतिचार ऐकतच मोठी होतात. कार्तिक शुद्ध पंचमीला, म्हणजे ज्ञानपंचमीला, पोथ्यांसमवेत लेखणी आणि दौतही पाटावर मांडली जाते. त्याच दिवशी, लाभपंचमीच्या मुहूर्ताने, पेढी नव्याने उघडते. दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीची श्रुतपंचमी याच भावनेने साजरी होते. आचार्य पुष्पदंत आणि भूतबली यांचा षट्खंडागम लिपिबद्ध झाल्याचा हा दिवस. त्या ग्रंथावरील धवला टीकेच्या ताडपत्री मूडबिद्रीच्या भांडारात शतकानुशतके बंद होत्या. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्या खटपटीने १८९६ मध्ये त्यांची नक्कल सुरू झाली. त्या कामासाठी बोलावलेल्या विद्वानांत आपल्याच जिल्ह्यातील मिरजेचे गजपती शास्त्री होते. हे काम अनेक वर्षे चालले. पुढे १९३९ मध्ये डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून पहिला छापील खंड निघाला. छापखान्याआधीचा तो सारा भार लेखणीने वाहिला होता.

परंतु लेखणीचा आदर वेगळा आणि लेखण्यांचा संग्रह वेगळा, ही गोष्ट लपवून चालणार नाही. श्रावकाच्या पाच अणुव्रतांतील शेवटचे परिग्रह-परिमाण. पेनांचा नाद लागला की एकावर दुसरे, दुसऱ्यावर तिसरे अशी रीघ लागते आणि कपाटात न भरलेली, न लिहिलेली पेने साठतात. पारदर्शक पेनांत तर हा मोह अधिक, कारण प्रत्येक रंगाची शाई त्यात वेगळी दिसते. ज्यांनी वस्तूंची मर्यादा घेतली आहे त्यांनी पेनांचीही संख्या ठरवावी आणि नवे आले की जुने एखाद्या शिकणाऱ्या मुलाच्या हाती द्यावे, हा मार्ग व्यवहाराला धरून आहे. संग्राहकांतही पाच-सहाच पेने ठेवून ती सर्व आळीपाळीने लिहिती ठेवणारे लोक आढळतात. त्यांची पेनेच सर्वांत चांगल्या स्थितीत असतात, कारण नित्य वापरातील पेनात शाई साकळत नाही.

आणखी एक मुद्दा खरेदीच्या आधीच ध्यानात घ्यावा. रबरी पिशवीची जुनी पेने दुरुस्त करताना ती पिशवी लाखेने चिकटवतात. लाख किड्यांपासून येते आणि लाक्षावाणिज्य हे श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत मोडते. पेनाची दुरुस्ती म्हणजे लाखेचा व्यापार नव्हे, हे खरे. तरीही ज्याला ही गोष्ट खटकते त्याने दट्ट्याचे किंवा ड्रॉपरचे पेन निवडावे. त्यात पिशवी नाही आणि लाखेचाही प्रश्न नाही. पारदर्शक पेनांत या दोन प्रकारांचाच भरणा असल्याने निवड अवघड जात नाही.

आता खरेदी. जुने पारदर्शक पेन तीन ठिकाणी सापडते. घरातील पेटीत, गावोगावच्या जुन्या स्टेशनरी दुकानांतील न विकलेल्या मालात आणि संग्राहकांच्या आपसातील देवघेवीत. जुन्या दुकानाचा शोध हा त्यातला सर्वांत आनंदाचा भाग. तालुक्याच्या गावी तीस-चाळीस वर्षे चाललेले दुकान असले तर वरच्या फळीवरील धुळीच्या खोक्यांकडे एकदा विचारणा करून पाहावी. पुण्याला जाणे झाले तर अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात पुस्तकांबरोबर पेनांचीही चौकशी होते.

पेन हाती आल्यावर प्रथम ते उजेडासमोर धरावे. पारदर्शक पेन विकत घेण्याचा मोठा लाभ हा की त्यात दोष दडत नाहीत. नळीच्या आट्यांपाशी आणि टोपणाच्या कडेला केसासारखी भेग आहे का, ते पाहावे. उजेडात पेन हळूहळू फिरवले की भेग चमकून उठते. भेग असलेले ड्रॉपरचे पेन कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. त्यातून शाई पाझरणार आणि पांढरा झब्बा खराब होणार. नंतर दट्ट्या फिरवून पाहावा. तो अडखळत असेल तर जोर लावू नये, कारण आत वाळलेली शाई असते आणि जोराने दांडा तुटतो. निबेची दोन्ही पाती भिंगाखाली सरळ आणि समान दिसली पाहिजेत आणि टोकावर तो कठीण कण शाबूत हवा. कण झिजून गेलेली निब कागद ओरबाडते.

सोन्याबद्दल बोलायचे तर विटेकराला कोणी फसवू शकणार नाही, असा समज असतो. तरी पेनांवर ‘गोल्ड प्लेटेड’ किंवा ‘रोल्ड गोल्ड’ अशी अक्षरे असतात ती घाईत नजरेतून सुटतात. अशी निब पोलादाची असून तिला केवळ मुलामा असतो. १४ कॅरेटच्या निबेवर ५८५ आणि १८ कॅरेटच्या निबेवर ७५० हा आकडा पाहावा. खात्रीसाठी निब कसोटीवर घासण्याचा मोह मात्र आवरावा. कसोटीवरील एक रेघ निबेची घडण कायमची बिघडवते आणि संग्राहकाच्या लेखी पेनाची किंमत तिथेच निम्मी होते. पोलादी निब म्हणजे हलके पेन, असेही नाही. उत्तम घासलेली पोलादी निब पुष्कळदा सोन्याच्या निबेहून सुरळीत चालते.

जुनी पारदर्शक नळी सेल्युलॉइडची असेल तर ती काळानुसार पिवळसर, मधासारखी झालेली असते. हा दोष नव्हे, वय आहे. ती पांढरी करण्याचा प्रयत्न करू नये. सेल्युलॉइड ओळखण्याची एक खूण म्हणजे पाण्याने ओलावून चोळल्यावर येणारा कापराचा मंद वास. हे द्रव्य चटकन पेट घेते, म्हणून भट्टीजवळ किंवा देवघरातील निरांजनाशेजारी असे पेन ठेवू नये. ज्ञानपंचमीच्या मांडणीतसुद्धा त्याला दिव्यापासून हातभर दूरची जागा द्यावी.

खरेदीइतकेच महत्त्व साफसफाईला आहे आणि पारदर्शक पेनाच्या बाबतीत तर ते अधिक आहे. काळ्या पेनात वर्षभराची शाई साकळली तरी कोणाला दिसत नाही. पारदर्शक पेनात आठवडाभराची हयगयही डोळ्यांवर येते. नळीच्या भिंतीवर निळी साय धरते, आट्यांत जांभळी रेघ उमटते, टोपणाच्या आत ठिपके उडतात. त्यातच शाई फार दिवस साचून राहिली तर तिच्यात बुरशीचे तंतू धरू शकतात. जैन घरात याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. जिथे जीवोत्पत्ती होईल अशी वस्तू साचू न देणे ही जयणाच, मग ती ओट्यावरची ओली फडकी असोत की पेनातली शाई. बुरशी धरलेली शाईची बाटली पुन्हा वापरू नये, कारण एका पेनातून ती दुसऱ्या पेनात जाते.

पाण्याचा विचार विट्यात आधी करावा लागतो. या भागातील बोअरचे पाणी बहुधा जड असते. आंघोळीच्या बादलीवर जसा पांढरा थर बसतो, तसेच क्षारांचे डाग ते पारदर्शक नळीच्या आत सोडते. पाणी वाळले की डाग उरतात आणि नळी धुऊनही धुरकट दिसते. घरातील उकळून, गाळून, पूर्ण निवलेले पाणी या कामाला चांगले. उकळल्याने पाण्याचा जडपणा काही अंशी तळाशी बसतो. ज्या घरी प्रासुक पाण्याचा नेम आहे तिथे हे पाणी तयारच असते, फक्त वरचे निवळ घ्यावे. शेवटच्या धुण्याला बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड पाणी घेतले तर नळीवर एकही डाग उरत नाही. गरम पाणी मात्र कटाक्षाने टाळावे. गरम पाण्याने जुनी नळी वाकते, टोपणाचे आटे सैल होतात.

पाणी फार लागत नाही. दोन वाट्या आणि एक सिरिंज एवढ्यावर भागते. नळाच्या धारेखाली पेन धरण्याची पद्धत दुष्काळी तालुक्यात शोभत नाही आणि तिचा उपयोगही कमी होतो. पेनातील उरलेली शाई काढून टाकावी, ती बाटलीत परत ओतू नये. ड्रॉपरचे पेन असेल तर नळी वेगळी करून सिरिंजने तिच्यात पाणी सोडावे, बोटाने तोंड दाबून हलवावे आणि पाणी काढावे. चार-पाच वेळांत पाणी निवळ येते. दट्ट्याचे पेन असेल तर निब वाटीत बुडवून दट्ट्या मागे-पुढे फिरवत राहावे. शाईचे धागे पाण्यात उतरताना नळीतून दिसतात आणि आत किती मळ उरला आहे त्याचा अंदाज प्रत्येक फेरीला येतो. हे सुख काळ्या पेनाच्या मालकाला नाही.

खरा मळ निब आणि तिच्याखालची जीभ यांच्या फटीत असतो. जिभेवरील बारीक खाचांत शाई वाळून घट्ट बसते. हा पुढचा भाग रात्रभर निवलेल्या पाण्यात निब खाली करून उभा ठेवावा. सकाळी कान धुण्याच्या रबरी पिचकारीने मागून पाण्याचा हलका दाब द्यावा. तरीही रंग येत राहिला तर वाटीभर पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवाचा एकच थेंब टाकावा आणि नंतर साध्या पाण्याने नीट धुवावे. निब आणि जीभ ओढून वेगळी करण्याची घाई करू नये. ज्याने ते कधी केलेले नाही त्याच्या हातून दहात चार वेळा तरी जिभेची खाच मोडते. हा आकडा पाहणीतून आलेला नाही, पण पेन दुरुस्त करणारे हसून मान डोलावतील.

यानंतर विट्यातील घरांनी जपायच्या काही गोष्टी येतात. सराफाकडे आणि गलाईवाल्याकडे सफाईची जी साधने असतात ती या कामी नकोत. स्पिरिट, थिनर, हात निर्जंतुक करण्याचा द्रव यांनी अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटच्या नळीत जाळीसारख्या बारीक भेगा पडतात. नखांचा रंग काढणारे अ‍ॅसिटोन तर सेल्युलॉइड आणि अ‍ॅक्रिलिक विरघळवतेच. तेजाबाचा संबंध येऊच देऊ नये. इतकेच नव्हे, ज्या खोलीत तेजाबाची वाफ असते तिथे पेन उघडे ठेवले तरी पोलादी निब आणि पितळी क्लिप गंजते. दागिने धुण्याचे अल्ट्रासॉनिक यंत्र दुकानात असतेच, तेव्हा पेन त्यात सोडून द्यावे असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यात फार तर निबेचा पुढचा भाग थोडा वेळ धरावा. जुनी सेल्युलॉइडची नळी त्यात घातली तर आधीच असलेली भेग उमलते.

नळीच्या आतील डाग काढायला कापूस गुंडाळलेली लाकडी काडी पुरते. तार किंवा ब्रश वापरला तर ओरखडे पडतात आणि ओरखड्यांत शाई आणखी घट्ट बसते. लाल आणि जांभळ्या शाईचे डाग सर्वांत चिवट असतात. म्हणून मोलाच्या पारदर्शक पेनात आधी साधी धुता येणारी निळी शाई भरावी. काजळ आणि डिंक यांची पारंपरिक मषी पोथीलेखनाला अत्युत्तम असली तरी ती शाईच्या पेनात कधीही घालू नये. चित्रकलेची पक्की काळी शाईही नको. काजळ आणि डिंक जिभेच्या खाचांत थिजून बसतात आणि मग कोणतेही पाणी त्यांना हलवू शकत नाही.

धुतलेले पेन वाळवायला धीर लागतो. जुन्या धोतराच्या मऊ फडक्यावर निब खाली करून ते दिवसभर ठेवले की फडके खाचांतील पाणी ओढून घेते. उन्हात ठेवू नये. ड्रॉपरच्या पेनाच्या आट्यांना आणि दट्ट्याच्या रबरी कड्याला सिलिकॉन ग्रीज अगदी नखभर, तेही दात कोरण्याच्या काडीने लावावे. ट्विस्बीसारख्या कंपन्या पेनाबरोबरच लहानशी किल्ली आणि ग्रीज देतात. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावू नये, एक खवट होते आणि दुसऱ्याने रबर फुगते. धुण्यातून निघालेले रंगीत पाणी मोरीत ओतण्याऐवजी कोरड्या, निर्जीव जागी बेताने परठवावे. वाटीभरच असल्याने ते जड जात नाही.

भरताना आणखी एक सावधगिरी हवी. ड्रॉपरच्या पेनातील शाई चतुर्थांशाच्या खाली गेली की वरच्या मोकळ्या जागेतील हवा हाताच्या उबेने प्रसरण पावते आणि निबेतून शाईचा ठिपका पडतो. विट्याच्या वैशाखात हे हमखास घडते. लिहिणाऱ्याला आतील शाईची पातळी दिसत असते, तेव्हा पाव नळी उरली की पुन्हा भरावी. मोटारीत किंवा उन्हातल्या खिशात भरलेले पेन ठेवू नये. महिनाभर लिहिणे होणार नसेल तर पेन रिकामे करून, धुऊन, वाळवून ठेवावे.

आजोबांच्या पेटीत पेन सापडलेच तर त्याचे वजन करण्याआधी ते एक रात्र पाण्यात ठेवून पाहावे. वाळलेली शाई बहुधा पहाटेपर्यंत सुटू लागते आणि वाटीतील पाण्यात निळी रेघ उतरते. कित्येकदा ती शाई चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कुणी एखादी नोंद लिहिता लिहिता तशीच ठेवलेली असते. निब शाबूत निघाली तर तिने नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ काढून पाहावे. पहिली दोन अक्षरे फिकी येतात, तिसऱ्यापासून रंग धरतो.